मालकबाबांचा पुरावा

ज्याची सरकारनं घेतलेली जमीन सरकारला कधीच मिळाली नाही, असा या अख्ख्या नवी मुंबईत एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या सोसायटीच्या जागेचा मूळ मालक होता. सरकारकडे कागद होते, बिल्डरकडे कागद होते, आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. जमीन मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होती. ‘विकली’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "इकली नाय. घेतली," एवढं बोलून ते थुंकत, आणि तेही आपली जमीन खराब होणार नाही अशा बेतानं, वळून रस्त्याच्या बाजूला. सोसायटीतली पोरं त्यांना मालकबाबा म्हणायची. मोठी माणसं ‘तो म्हातारा’ म्हणायची. त्या मोठ्या माणसांचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नेरूळच्या पलीकडे, आज ज्याला सीवूड्स म्हणतात त्या बाजूला, तळमजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक घेऊन राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि एक उंच, काळा, वाळलेला म्हातारा कमरेला चौकड्यांचा रुमाल आणि वर पांढरा सदरा अशा वेशात आमच्या कपाटाकडे संशयानं बघत उभा होता. "कुठले पावनं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साताऱ्याकडचे. त्यांनी माझ्याकडे, बायकोकडे, मग कपाटाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरा. ऱ्हावा." मी स्वतःच्या घामाच्या पैशानं घेतलेल्या घरात राहायची ही परवानगी ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्याच्या दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी आहे त्याला पाहुणा कसं म्हणता, असं मी पुढे दहा वेळा तरी विचारलं असेल. ते हसायचे आणि म्हणायचे, "पाटी खिल्यावर हाय, पावनं. खिला भिंतीवर हाय. भिंत कशावर हाय?"

आता त्यांच्या गस्तीबद्दल सांगतो. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा आणि त्याच्यामागे भात पिकवायचं, ही इकडची जुनी शेती. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण आलं की घरटी एक माणूस बांधावर, असा गावाचा नियम. कारण खेकड्यानं पोखरलेलं बोटाएवढं भोकसुद्धा अख्खा बांध फोडतं आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन वर्षं शेतात दाणा येत नाही. ते शेत मुरमाच्या भरावाखाली गाडलं गेलं, वर आमच्या चार मजली दोन विंगा उभ्या राहिल्या, बांधाच्या जागी कंपाउंडची भिंत आली. पण नियमावर कोणी भराव घातला नव्हता. दर अमावास्या-पौर्णिमेला मालकबाबा काठी घेऊन फाटकाशी हजर. पहिल्यांदा वॉचमननं अडवलं, "किससे मिलना है?" "जमिनीला," मालकबाबा म्हणाले आणि आत गेले. वॉचमन इमानदार माणूस. त्यानं रजिस्टरमध्ये ‘कोणाकडे’ या रकान्यात ‘जमीन’ असं लिहून ठेवलं, आणि पुढे कित्येक वर्षं महिन्यातून दोनदा ती नोंद होत राहिली.

भिंतीला काठीनं ठोकत, वाकून भोकं शोधत त्यांची फेरी चालायची. एकदा भिंतीच्या बुडाशी त्यांना हातभर रुंद भोक सापडलं. खेकडा केवढा असेल या विचारानं हादरून त्यांनी कुठून तरी घमेलंभर चिखल आणला आणि ते भोक असं काही लिंपून टाकलं की बांधावरच्या कामाची सगळी कला त्यात उतरली. ते आमचं पाणी बाहेर जायचं भोक होतं. संध्याकाळी वरची टाकी भरून वाहिली आणि सेक्रेटरींची नवी स्कूटर अर्ध्या चाकापर्यंत बुडाली. सेक्रेटरी लुंगीवर खाली आले आणि ओरडले, "अहो, ते पाणी जायचं भोक आहे!" मालकबाबा शांतपणे म्हणाले, "जाते तिथूनच येते पन." सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी ‘बाहेरच्या व्यक्तींना मनाई’ अशी पाटी लावली. मालकबाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि त्यांना ती पसंत पडली. "बरा केला. बाहेरचे लय येतान हल्ली," म्हणाले.

आमच्या ए विंग, बी विंग त्यांना मान्य नव्हत्या. भाताच्या प्रत्येक खाचराला नाव होतं आणि तेच चालायचं. ए विंग म्हणजे मोठं खाचर. बी विंग मावशीचं, कारण विधवा मावशीला ते हयातीपुरतं कसायला दिलं होतं. सेक्रेटरींचा ब्लॉक जिथे येतो तिथे एकदा कोणाचा तरी रेडा रुतून बसला होता, म्हणून ते ‘रेड्याचं’, आणि सेक्रेटरींचा उल्लेख सरळ ‘रेड्यावरचे’ असा व्हायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांचा राब होता, म्हणजे भाताची रोपं काढायची जागा. माझी बायको तिथे गवती चहा आणि मिरच्या लावायची आणि तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. मालकबाबा म्हणायचे, "उगवनारच. राबाची जागा हाय ती. काठी रोवलीस तरी पाला फुटल, बाय." बायकोला राग यायचा, पण दसरा झाला की ती त्यांची वाट बघायची. नव्या भाताची पहिली मूठ बांधाला वाहायची त्यांच्यात रीत. शेत नाही तर भात कुठला? म्हणून ते किराणा दुकानातून पुडीभर तांदूळ आणत आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाहात. त्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. जन्मभर पिकवलेली वस्तू पुडीत बांधून आणायची लाज त्यांच्या तोंडावर दिसायची, आणि ती लाज खरं तर त्यांची नव्हतीच, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं.

आणि मग सरकारी ऑफिसातून ती नोटीस आली. सोसायटीला लागून असलेल्या मूळ गावात मालकबाबांचं जुनं घर होतं. मुलाचं लग्न झालं तेव्हा मागच्या परसात त्यांनी दोन खोल्या काढल्या होत्या. मुलगा, सून, नातू तिथेच राहत. ‘आपण गावठाणाच्या हद्दीबाहेर अनधिकृत बांधकाम केले असल्याने ते पाडण्यात का येऊ नये’, असा तो कागद. ज्याच्या शेतावर आम्ही परगावचे अठ्ठावीस उपटसुंभ अधिकृत, तो स्वतःच्या परसात अनधिकृत! माझा संताप संताप झाला. गावात लग्नं झाली, पोरं झाली, पोरांना पोरं झाली, पण गावठाणाची रेघ जिथल्या तिथे. आणि ती रेघही कोणीतरी पंख्याखाली बसून ओढलेली, मालकबाबांच्या न्हाणीतून जाणारी. खरी हद्द गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती. त्या दोन खोल्यांच्या मागे बारा पावलांवर शेंदूर फासलेला एक जुना दगड होता. तोच हद्दीचा दगड. लग्नाचा नवरदेव निघताना त्याच्या पाया पडे, आणि दोघांचा तंटा लागला की त्याच्यावर हात ठेवून बोलायचं. त्याच्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस गावाच्या आठवणीत नव्हता.

मी कंपनीत कारकून, म्हणजे गावाच्या दृष्टीनं कागदाचा माणूस. अर्ज मी लिहिला. अगदी पेटून लिहिला. आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी मालकबाबांना बजावून सांगितलं, "तिथे तोंडी काही चालत नाही. पुरावा घेऊनच जा. पुरावा समोर ठेवला की साहेब गप्प." मला म्हणायचं होतं जुना सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, फार तर दगडाचा फोटो. मालकबाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "समजला. समोर ठेवतो."

मी अर्धी रजा टाकून त्या सरकारी ऑफिसात पोचलो तर दाराशी रिक्षा उभी. मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आणि त्याच्यापाशी अंग चोरून मालकबाबा. चार माणसांनी ते उचलून आत नेलं, साहेबांच्या टेबलावरच्या फायली कोपरानं सरकवल्या आणि घोंगडी काढली. हद्दीचा दगड! बुडाला ओली माती, वर ताजा शेंदूर. सगळं ऑफिस टायपिंग थांबवून बघू लागलं.

"हे काय आणलंय?" साहेब ओरडले.

"पुरावा," मालकबाबा म्हणाले. "सायेब, याच्यावर हात ठेवा आनि सांगा, माजी पोरं हद्दीच्या भायेर ऱ्हातान. तुमी बोलाल तर मी सोता खोल्या पाडतो. तुमाला तरास नाय देनार."

साहेबांनी दगडाकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात टेबलावर होता, तो त्यांनी हळूच उचलला आणि खिशात घातला. अख्ख्या ऑफिसनं ते पाहिलं. एक क्षण मला वाटलं, आपण जिंकलो. मग साहेबांना कंठ फुटला. "अहो, उद्या सर्व्हेअर पाठवणार होतो मी जागेवर हा दगड बघायला! उपटून आणलात? आता तो कुठे होता हे कशावरून ठरवायचं?" आणि त्यांनी डाव्या हातानं फाइल ओढली, खिशातला उजवा काढून पेन घेतलं आणि लिहिलं, ‘हद्दीची खूण जागेवर नाही.’ त्या साहेबाला माहीत होतं. हात खिशात घातला तेव्हाच त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी त्यानं लिहिलं. या गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दोन खोल्या पाडायला मशीन आलं ते एका सकाळी, नातू शाळेत असताना. मशीननं खोल्यांबरोबर परस सपाट केलं आणि दगडाचा खड्डाही बुजवला. आता तो अदमासानं कुठेतरी बसवायचा तर गाव तयार होईना. साक्षीचा दगड अंदाजानं बसत नसतो. देवळात बैठक झाली. अर्ज लिहिणारा म्हणून मलाही बोलावणं होतं. मालकबाबांच्या मुलानंच उठून विचारलं, "बाबा, खरा सांग, दगड उपटायला तुला कोनी सांगितला?" मी खाली बघत बसलो. सांगितलं असतं तर गावानं काय केलं असतं कोण जाणे. कदाचित काहीच नाही. मालकबाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोनी नाय. माज्याच डोक्यात आला." पोरगा बापाला भर देवळात वाटेल ते बोलला. पाहुण्याला बोल लागू नये म्हणून त्या माणसानं ते ऐकून घेतलं, आणि मी पाहुण्यासारखा गप्प बसून राहिलो.

पुढच्या पौर्णिमेला दगड पुन्हा रिक्षातून आला, तो आमच्या सोसायटीत. मालकबाबांनी तो आमच्या खिडकीखाली, मिरच्यांच्या रोपांशेजारी ठेवला. "राबाची जागा हाय," म्हणाले. "ही तरी नक्की माजी हाय." सेक्रेटरी धावत आले. सोसायटीच्या जागेत परवानगीशिवाय, कायदा, कमिटी, असं बरंच बोलले. मालकबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दगडाकडे बोट दाखवलं. "ठेवा हात. बोला, ही जागा तुमची हाय. मी उचलतो." सेक्रेटरींना एकाएकी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. तो विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही.

दशक सरता सरता मालकबाबा गेले. आजारी नव्हते, एका अमावास्येला फेरीला आले नाहीत, आणि वॉचमननंच आधी ओळखलं. तो रजिस्टर घेऊन माझ्या दाराशी आला आणि ‘जमीन’ अशी नोंद नसलेलं पान त्यानं माझ्यापुढे धरलं. मुलगा आता खारघरला भाड्याच्या खोलीत राहतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याच्याकडे जायला निघतो आणि स्टेशनापर्यंत जाऊन परत येतो.

परवा पौर्णिमा होती. संध्याकाळी मिरच्यांना पाणी घालायच्या निमित्तानं मी खिडकीखाली गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि दगडावर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हानं तो अजून कोमट होता. ‘हे घर माझं आहे’ असं म्हणून बघायचं, असा विचार करून आलो होतो. ते काही तोंडातून निघालं नाही. निघालं ते एवढंच, "मी सांगितलं होतं. पुरावा न्या म्हणून मीच सांगितलं होतं."

खिडकीतून बायकोनं विचारलं, "अहो, कोणाशी बोलताय?"

"मालकांशी," मी म्हटलं.