मंगलची गिऱ्हाइकं

मंगल पगारे गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लॅपटॉपचा पंखा साफ करत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. "शोभाताई, ताई गेली... सकाळी साडेसहाला." मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात जो विचार आला, तो आज पाच आठवड्यांनी लिहून टाकते. तो लपवला तर मंगलबद्दल काहीच खरं लिहिता येणार नाही. विचार असा होता, की आता हिची गिऱ्हाइकं कोणाकडे जाणार?

जलदान विधीला जेल रोडच्या समाजमंदिरात बसायला जागा नव्हती. नातेवाईक थोडे आणि गिऱ्हाइकंच जास्त. दाताचे डॉक्टर होते, लग्नपत्रिका छापणारे होते, आणि बियाण्यांचे एक दुकानदार तर थेट देवळ्याहून मोटारसायकलवर आले होते. वंदना झाल्यावर ते माझ्याशेजारी डोळे पुसत म्हणाले, "ताई होत्या तवर आमचं मशीन एकदा बी बंद नाय पडलं." मी मान हलवली. मनात म्हटलं, माझ्या वेळी येईल का कोणी देवळ्याहून?

आम्ही दोघी एकाच वर्गातल्या. नाशिक रोडला कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला तेव्हा वर्गात सगळे मुलगे आणि मुली म्हणजे आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री होणारच होती. मी झटपट. मशीन उघडलं की दोष कुठे आहे ते माझ्या बोटांना कळायचं, आणि सर सगळ्यांसमोर माझं कौतुक करायचे. मंगल संथ. एकेक स्क्रू काढून कागदावर ठेवायची, शेजारी आकडा लिहायची आणि त्याच क्रमाने परत बसवायची. मी तिला हसायचे, तीही हसायची, पण तिचा एकही स्क्रू कधी उरला नाही. पुढे मी स्टेशनजवळ काचेच्या दाराचं दुकान टाकलं. मंगलने दुकान टाकलंच नाही. एक स्कूटर, एक काळी बॅग आणि ठरलेले वार. छोटे दवाखाने, दुकानं, सीए लोकांची ऑफिसं, जिथे कॉम्प्युटर चारच असतात पण सगळा धंदा त्यांच्यावर चालतो, अशा ठिकाणी ती दर पंधरा दिवसांनी जायची. नवे व्हायरस अडवणारे अपडेट टाकायची, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड बंद करायची, सगळ्या फायलींची प्रत एका डिस्कवर घ्यायची. मग त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघायची, खरंच उघडते ना म्हणून. शेवटी डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवायला लावायची.

बंद पडलेलं मशीन मी चालू करून द्यायचे, आणि माझ्याकडे येणारा माणूस आधीच वैतागलेला असायचा. काम झालं की जायचा, पुन्हा बिघाड झाला तरच दिसायचा. मंगलच्या हातून तर डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नव्हतं, तरी लोक तिला मुलीच्या साखरपुड्याला बोलवायचे! मला याचं कोडं होतं. खरं तर कोडं कसलं... जळत होते मी.

त्या जळण्यातूनच ते झालं. नंदिनी मॅडमची रक्त-लघवी तपासणीची लॅब मंगलकडे होती. एका हळदीकुंकवाला त्या भेटल्या. कुरकुरत होत्या, की सकाळी रांग लागलेली असताना कॉम्प्युटर मध्येच अपडेट घ्यायला लागतो. मी म्हटलं, "मॅडम, मशीन चांगलं चालतंय ना? मग मंगल दर पंधरवड्याला येऊन करते तरी काय?" हे वाक्य बोलताना मला किती गोड वाटलं, ते मला अजून आठवतं. महिन्याभरात लॅब माझ्याकडे आली. मी अपडेट बंद करून टाकले. प्रतीची डिस्क सतत काढा-घाला नको म्हणून कायमची जोडून ठेवली. नंदिनी मॅडम खूश झाल्या. मंगल मला भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "सांभाळ गं त्यांना. चांगल्या आहेत."

आठ महिन्यांनी एका सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने कुरिअरची पावती समजून मेलमधली एक फाइल उघडली. अर्ध्या तासात एकेका रिपोर्टचं नाव बदलत गेलं, रिपोर्ट उघडेनासे झाले, आणि पडद्यावर पैशांसाठी इंग्रजीत धमकी आली. जोडून ठेवलेली डिस्कही त्यातच गेली. बाहेर माणसं उभी होती. एका म्हाताऱ्या बाईंचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि सर्जनना त्यांचे आधीचे रिपोर्ट हवे होते. माझ्या झटपट बोटांना काही सुचेना. शेवटी मीच मंगलला फोन केला.

ती आली. माझ्याकडे न बघता नंदिनी मॅडमना म्हणाली, "ताई, मी काम सोडलं त्या दिवशी तुमच्याकडे एक डिस्क दिली होती, खाकी पाकिटात." मॅडमनी औषधांच्या कपाटातून पाकीट शोधून काढलं. मंगलने मशीनं पुसून कोरी केली, सगळं नव्याने टाकलं, मग त्या डिस्कवरून जुने रिपोर्ट परत आले. म्हाताऱ्या बाईंचे सगळ्यात आधी छापले. मधल्या आठ महिन्यांचे रिपोर्ट कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरायला आम्ही तिघी तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "हे झालं कशामुळे?" मी रजिस्टरचं पान उलटलं. मंगल म्हणाली, "मेल उघडला गेला. कोणाच्याही हातून होतं, ताई."

जिन्यात मात्र तिने मला थांबवलं. "शोभे, अपडेट बंद का केलेस?"

"सकाळी अडचण होत होती त्यांना."

"मग दुपारी लावायचे ना. दोन ते चार लॅब बंद असते."

एवढंच. ती चिडली असती, मॅडमसमोर माझं नाव घेतलं असतं, तर आमची फिटंफाट झाली असती. तिने ती सोयही ठेवली नाही. लॅब परत तिच्याकडे गेली आणि मी तिला टाळू लागले.

ती आजारी आहे हे मला फार उशिरा कळलं. शहाळं घेऊन दवाखान्यात गेले. खोलीच्या दारातून पाहिलं तर आत ते दाताचे डॉक्टर बसलेले, खिडकीत आधीच चार शहाळी, आणि मंगल क्षीण आवाजात काहीतरी सांगून हसत होती. मी दारातूनच परत फिरले. वाटलं, हिला माझी काय गरज... नऊ दिवसांनी तो फोन आला.

गेल्या आठवड्यात नंदिनी मॅडमचा फोन आला. "शोभाताई, कधी येताय? मंगलताई म्हणाल्या होत्या, माझ्यानंतर शोभा येईल." मी गेले. त्या म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं, शोभाताईच का? तर म्हणाल्या, ती आता कधीच बंद करणार नाही. काय बंद, ते काही मला कळलं नाही."

"अपडेट," मी म्हणाले. "मी बंद करून ठेवले होते, मॅडम. म्हणून ते सगळं झालं. डिस्कही मीच जोडून ठेवली होती."

त्या उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. मंगलताई दवाखान्यात गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही याला."

मी बसले. सगळे अपडेट होईपर्यंत उठले नाही. प्रत घेतली, एक फाइल उघडून बघितली, वायर काढली. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर मंगलच्या हातच्या तारखा होत्या, प्रत्येकीपुढे 'मं.' शेवटच्या दोन फार वाकड्या होत्या. त्यांच्याखाली मी तारीख घातली आणि पुढे 'शो.' लिहिलं. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलंच.