पडल्याचं नाव काढायचं नाही

महिन्यापूर्वी बोईसरला माझ्या घरी वहिनीचा फोन आला. दादाला दोन दिवस ताप होता, एवढंच मला ठाऊक होतं. साध्या तापानं माणूस जातो का, असं मी तिलाच विचारत राहिले...

पालघरजवळच्या माहीमला आमच्या वाडीत दादासारखा पोफळीवर चढणारा दुसरा नव्हता. झोका घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जायचा आणि वरून मला सुपाऱ्या मारायचा. त्याच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी तो पडला. डोक्याला मार लागला, चार-पाच दिवस शुद्ध नव्हती. उठून बसला तेव्हा आईनं देवीची ओटी भरली आणि आम्हाला बजावलं, "देवीनं परत दिलाय. आता पडल्याचं नाव नाय काढायचं कुनी." आम्ही ते इमानानं पाळलं.

पुढे दादा मंदावत गेला. पोट सुटलं, दंड उतरले, भर वैशाखात तो स्वेटर घालून पडवीतल्या झोपाळ्यावर बसू लागला. वहिनीच्या हातचं मानवलं म्हणून आम्ही चिडवायचो. आधी तोही हसायचा, मग हसेनासा झाला. पालघरचे डॉक्टर विचारायचे, पूर्वी कधी मार, मोठं दुखणं? आई म्हणायची, "नाय, काय नाय." आणि आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो. याचं फार वाईट वाटतं.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. वाढीचं हार्मोन जवळजवळ नव्हतंच, इतरही कमी. चाळिशीच्या माणसाला वाढीचं हार्मोन कशाला, मी विचारलं. ताकदीला, हाडांना, उमेदीलासुद्धा लागतं, ते म्हणाले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी ते तयार करते. तिथे गाठ झाली, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले, डोक्याला जबर मार बसला, तर ती काम सोडते. "यांना मार लागला होता?"

आईनं मान खाली घातली.

"पडलेलो," दादाच म्हणाला. "घरात बोलत नाय आमी ते."

औषधं सुरू झाली. थोडे दिवस तो पुन्हा वाडीत फिरू लागला, आम्हाला आशा वाटली. पण तापाशी झुंजायला लागणारं हार्मोनही त्याच ग्रंथीबरोबर आटलं होतं, आणि त्या दोन दिवसांच्या तापाला औषधं पुरली नाहीत. फार उशीर केला आम्ही...

झोपाळ्यावर त्याचा स्वेटर घडी करून ठेवलाय, तिथे कुणी बसत नाही. भेटायला कुणी आलं की आई त्यांना पडवीत बसवते आणि विचारायच्या आत वाडीकडे बोट दाखवते. "त्या पोफळीवरना पडलेला माझा बाळ." मग मार कुठे लागला, शुद्ध किती दिवस नव्हती, सगळं सांगते, डॉक्टरांना सांगावं तसं.