उलटा कौल

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्यानं विचारलं, "आजी, देवावर शंका घेतली तर देव रागावतो का?" तिकडच्या रविवारच्या संस्कारवर्गात बाईंनी त्याला सांगितलं म्हणे, देवाबद्दल प्रश्न विचारायचे नसतात, नमस्कार करायचा असतो. मी एवढंच म्हटलं, "देव नाही रागावत." तेवढ्यात तुमच्या आईनं फोन घेतला आणि हवापाण्याचं बोलायला लागली. तिला हा विषय नको असतो. मला हवा असतो. देव रागावत नसेल तर कोण रागावतं, हे मला चांगलं माहीत आहे, आणि रागावणाऱ्याचं पुढे काय करायचं असतं, तेही माहीत आहे.

आपलं गाव आरे-वारेच्या रस्त्याला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आजोबांचं ते मूळ गाव. मी कॉलेज मुंबईत केलं, लग्न होऊन इथे आले आणि रत्नागिरीच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवू लागले. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत यायचं. गावात ग्रामदेवीचं देऊळ आहे. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, कुणी परमुलखाला जायचं असो, आधी देवीला कौल लावतात. कौल म्हणजे देवीला विचारलेला प्रश्न. गुरव देवीच्या उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक अशा तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न काय विचारायचा, हे मात्र गुरव ठरवत नाही. ते मानकरी ठरवतो. आमचा मानकरी म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा चुलतभाऊ. देवळाचा मान त्यांच्या घरात. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. अजूनही म्हणते, कारण जीभ सवयीची गुलाम असते.

म्हणजे बघा, प्रश्न विचारणं हीच आमच्या गावची भक्ती. फक्त प्रश्नाची किल्ली एका माणसाच्या कमरेला.

१९९८ साली तुमची आई बारावी झाली. मुंबईला इंजिनिअरिंगला तिला प्रवेश मिळाला. गावातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात, त्यांच्यासाठी कौल हा नुसता उपचार असतो. एकट्या मुलीचा कौल मात्र पहिलाच. तुमच्या आजोबांची देवीवर श्रद्धा होती. साधं छप्पर शाकारायचं असलं तरी ते आधी देवळात जाऊन यायचे. मला ते मान्य नव्हतं, पण त्यांनी कधी माझ्यावर लादलं नाही, म्हणून मीही अडवलं नाही.

देऊळ भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. "हे आई, ह्या घरची चेडू शिकायला मुंबईला जाते हाय. तुझी मर्जी असेल तर उजवी दे." पुरुषांनी साथ दिली, "व्हय म्हाराजा." थोड्या वेळानं डावी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

भाऊजींनी हात जोडले. "झालं. देवीची मर्जी नाही."

तुमची आई उठून उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. प्रयोगशाळेत एखादी मुलगी बोलेल तशी म्हणाली, "काका, आता उलटं विचारा ना. मी इथेच राहावं का, असं विचारा. उजवी पडली तर मी राहते."

मला आजही वाटतं, त्या देवळात इतका सरळ आणि इतका श्रद्धेचा प्रश्न कुणी विचारला नसेल. ती मानायला तयार होती. फक्त देवीचं नीट ऐकून घ्यायचं म्हणत होती.

भाऊजी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "देवीची उलटतपासणी? हे कोर्ट आहे का? इंग्रजी शिकवणारीची पोर, दुसरं काय बोलणार!" पुरुष हसले. मग त्यांनी निकाल दिला. एकदा विचारलं की विचारलं. मुलीनं देवळाच्या पायरीवर नाक घासून माफी मागायची. तोवर देवीची पालखी शिमग्याला आमच्या अंगणात येणार नाही.

तुमची आई नाक घासायला गेली नाही. तुमच्या आजोबांनी तिला एका शब्दानं सांगितलं नाही. जायच्या दिवशी तिची ट्रंक त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली आणि एस.टी.पर्यंत नेली. वाटेत म्हणाले, "कौल मी मागितला होता, मोडतोय पण मीच. तू त्यातलं काही डोक्यात घेऊन जाऊ नकोस."

शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. माणूस वर्षभर मुंबईला राबेल, आखातात उन्हात उभा राहील, पण पालखी आपल्या अंगणात यायच्या दिवशी तो घरी असतो. अंगण सारवतात, रांगोळी घालतात, पालखी टेकवायला पाट मांडतात. पालखी जमिनीला लागून चालत नाही. पाट नसेल तर ती खांद्यावरच राहते. त्यानंतरच्या शिमग्याला तुमच्या आजोबांनी अंगण सारवून घेतलं, पाट धुऊन मांडला आणि धुतलेलं धोतर नेसून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, येणार नाही ती." ते म्हणाले, "आपण तयार असावं."

ढोल पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली आले, आमच्या कुंपणाच्या गडग्यापाशी आले, आणि पुढे गेले. भाऊजी पालखीच्या पुढच्या दांडीला होते. त्यांनी मानही वळवली नाही. ढोल पार खाली, खाडीच्या अंगाला जाईपर्यंत तुमचे आजोबा उभे होते. मग त्यांनी पाट उचलून आत नेला. शेजारच्या मुसलमान घरातल्या भाभी गडग्यापलीकडून सगळं बघत होत्या. त्यांचा नवरा कुवेतला, त्या इथे सासूबरोबर. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्यात पण असली माणसं हायत होय? मी समजत होते, आमच्यातच."

पुढे दर शिमग्याला तेच. दर वर्षी अंगण सारवलेलं, दर वर्षी पाट मांडलेला. एकदा त्यांनी मला विचारलं, "तिचं चुकलं होतं का गं?"

"नाही."

"मग देवी का येत नाही?"

"देवी येत नाही असं नाही. भाऊजी येत नाहीत."

पुढच्या शिमग्यालाही त्यांनी पाट मांडला. पालखी पुन्हा अंगणात आलेली न बघताच ते गेले. बाराव्याला भाऊजी आले आणि म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगा." मी मनात म्हटलं, लागेल. वेळ आली की सांगीन.

त्यानंतर मी एकही कौल चुकवला नाही. शाळेतून निवृत्त झाले होते, वेळ होता. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, देवी नीट दिसेल अशा जागी बसायचे. गावाला वाटलं, नवरा गेल्यावर म्हातारी देवाला लागली. लागले होतेच. देवीला मनापासून नमस्कार करायचे आणि भाऊजींची वाट बघायचे. ज्याच्या हातात सगळ्यांचे प्रश्न आहेत, त्याला कधी ना कधी स्वतःचा प्रश्न पडणारच.

तो पडला. त्यांच्या नातवाला बोटीवर नोकरी लागली. घरात सगळे खूश, बॅग भरलेली, कौल म्हणजे नुसती रीत. गुरवानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "व्हय म्हाराजा" झालं. डावी कळी पडली.

भाऊजींचा चेहरा मी नीट पाहिला. ते गुरवाच्या जवळ सरकले आणि हळू म्हणाले, "पुन्हा लाव."

गुरव गोंधळला. "पुन्हा कसा लावू? तुमीच बोलता ना, एकदा इचारला की इचारला."

"मग उलटा विचार. इथंच ऱ्हावं का त्यानं, असा विचार."

मी उभी राहिले. "भाऊजी, जरा मोठ्यानं. बायकांच्या बाजूला ऐकू आलं नाही."

भाऊजी मागे वळले.

"वहिनी, खाली बसा."

"बसते. काय विचारायला सांगितलंत, तेवढं कळू दे. देवीची उलटतपासणी आहे का? की आज कोर्टाला सुट्टी?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्यांची सून माझ्याकडे बघत होती. तिचा मुलगा बॅग भरून बसला होता. तिच्याशी माझं वैर नव्हतं. मी म्हटलं, "विचारा. खुशाल उलटं विचारा, मी अडवत नाही. विचारलंच पाहिजे, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पण माझ्या मुलीनं हेच मागितलं होतं. तिनं विचारलं त्यात गैर नव्हतं, असं आधी म्हणा. देवीसमोर. मग लावा कळ्या."

"ते तेव्हाचं होतं."

"देवी तीच आहे. तगरीचं झाडही तेच आहे."

त्यांनी पुरुषांकडे पाहिलं. आधी हसणारे आता खाली बघत होते. शेवटी ते पुटपुटले, "गैर नव्हतं."

"मोठ्यानं."

"गैर नव्हतं तिचं!" ते ओरडलेच. गाभाऱ्यातून आवाज परत आला. मला तो फार गोड लागला. अजून लागतो.

गुरवानं नव्या कळ्या भिजवल्या, चिकटवल्या. त्यानं इथंच राहावं का, विचारलं. सगळे मान उंच करून बघत होते. आणि पुन्हा डावीच कळी पडली.

सगळे आधी पडलेल्या कळीकडे बघत राहिले. मग बायकांतली सगळ्यांत म्हातारी आजी म्हणाली, "जा पण नको, ऱ्हा पण नको! आता काय, पोराला गोठ्यात बांधा." देऊळ हसण्यानं भरून गेलं. गुरवसुद्धा तोंडावर हात धरून हसत होता.

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर १९९८ होतं. तेव्हा उलटं विचारलं असतं तर तेव्हाही डावीच पडली असती का? पडली असती तर एवढंच ठरलं असतं, की देवी या भानगडीत पडत नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मग तुमची आई ताठ मानेनं गेली असती आणि तुमच्या आजोबांच्या अंगणात दर वर्षी ढोल वाजले असते. माझी देवीवरची श्रद्धा त्या दिवशी उडाली नाही, उलट बसली. दोनदा विचारलं आणि दोनदा डावी कळी टाकून ती गप्प राहिली. रागावली नाही. रागावायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं, ते काम भाऊजी करत होते.

नातू बोटीवर गेला. चांगलं झालं.

त्या शिमग्याला पालखी आमच्याकडे यायचं ठरलं. मी भाऊजींना निरोप पाठवला की पुढच्या दांडीला तुम्हीच हवे. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावरून आलेली मला चालणार नाही. अंगण सारवलं, रांगोळी घातली. पाट मात्र आत माजघरात ठेवला.

ढोल पाखाडीवरून उतरले, गडग्यापाशी आले, आणि आत वळले. मी दारात उभी होते. पालखी अंगणाच्या मध्यावर आली. ऊन कडक होतं. भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं.

"वहिनी, पाट?"

"आणते हं. आधी पाय धुते सगळ्यांचे."

मी एकेकाचे पाय धुतले. भाऊजींचे सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत नीट. मग ओटीचं ताट आणलं. खण, नारळ, तांदूळ, हळद, कुंकू, वेणी, सगळं रीतसर, एकेक जिन्नस हातात घेऊन. मध्येच "वेणी आतच राहिली" म्हणून मी ती आणायला गेले. बाकीच्या भोयांनी खांदा बदलला. मानकऱ्याला अंगणात पालखी टेकेपर्यंत खांदा बदलता येत नाही, ही त्यांच्याच घराची रीत. मग मी गुरवाला म्हटलं, "गाऱ्हाणं घाला. ह्या घरच्या मुलीनं देवीला प्रश्न विचारला होता. त्याबद्दल देवीनं तिला सुखात ठेवावं. तिच्या पोटच्या पोरांनाही असेच प्रश्न पडू देत."

गुरवानं तसंच म्हटलं. मी थांबून राहिले, भाऊजींच्या तोंडाकडे बघत. घाम त्यांच्या भुवयांवरून गळत होता.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

गडग्यापलीकडून भाभी म्हणाल्या, "बाई, द्या की आता पाट. म्हाताऱ्याचा खांदा जाईल."

"भाभी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"तुमच्याच. पण खांदा एकच हाय त्याला."

मग मी आत गेले. पाट माजघरात भिंतीला टेकून होता, तुमचे आजोबा ठेवायचे तिथेच. ते असते तर पहिला ढोल ऐकताच त्यांनी तो बाहेर नेऊन मांडला असता, आणि भाऊजींच्या हातात पन्ह्याचा पेला दिला असता. ते नव्हते. मी पाटावरची धूळ पदरानं पुसली, एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसली, आणि मग बाहेर आणला.

भाऊजी आता थकलेत. उजवा खांदा वर होत नाही. देवळात कौल दोन्ही बाजूंनी लावायची रीत पडली आहे आणि उलटा प्रश्न भाऊजींनाच मोठ्यानं सांगावा लागतो. मी खांबापाशी बसून ऐकते.

पाट अजून माजघरात आहे. तुम्ही कधी शिमग्याला आलात तर तो तुम्हीच बाहेर आणा. मला अजून वेळ लागतो.