मागच्या रिक्षातले मिस्टर

फिरायची मला भारी हौस, पण स्कूटरवर मागे बसून. पुढे बसणारा माझा नवरा सुधाकर मागच्या वर्षी गेला आणि मी ठाकुर्लीच्या घरात बसून राहिले. मैत्रिणी ‘चल गं’ म्हणायच्या, मी गुडघ्याचं नाव पुढे करायचे. या रविवारी मात्र ठरवलं, एकटीनेच जाऊन यायचं. जमलं तर ठीक, नाहीतर उरलेलं आयुष्य बाल्कनीतून बघायचं. फार लांब नाही, मोहनेला, उल्हास नदीवर.

कुणी जाणार असाल तर कल्याण पश्चिमेला उतरा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, सुट्टे पैसे जवळ ठेवा. लवकर निघालात तर बरं, शहाडच्या पुलावर नंतर फार ट्रॅफिक तुंबतं. मी स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. तिखट, पण झकास!

रिक्षात मधे मी. एका बाजूला पेंगणारे काका, दुसऱ्या बाजूला मांडीवर मेथीची पिशवी घेतलेल्या एक बाई. शहाड यायच्या आत बाईंची चौकशी सुरू.

“एकट्याच? मिस्टर नाही आले?”

“आलेत ना. मागच्या रिक्षात आहेत. इथे जागा कुठे होती?”

कसं तोंडातून गेलं, देव जाणे. म्हणताना बरं वाटलं, हेही लिहून टाकते. मोहने आलं की विषय संपेल, अशी माझी समजूत.

उतरल्यावर काका चालू लागले. बाई उभ्याच.

“तुम्ही निघा ना, उशीर होईल.”

“असं कसं? मिस्टर येईस्तोवर थांबते की. नवीन जागा, उन्हात एकट्या उभ्या राहणार का?”

आता आली पंचाईत! मागची रिक्षा आली. तिघे उतरले, तिघेही भलतेच. “पुढच्या रिक्षात असतील,” त्याच म्हणाल्या. पिशवीतल्या मेथीने माना टाकल्या होत्या. दुसरी रिक्षा आली, तीही रिकामी झाली.

“फोन लावून बघता का?”

“ते नाहीत हो,” मी म्हणाले. “मागच्या वर्षी गेले.”

आता या चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मग उन्हात कशाला उभं राहायचं? चला घरी, चहा टाकते. तेवढी मेथी निवडू लागा मला.”

शोभाताई त्यांचं नाव. चाळीतली दोन खोल्यांची जागा, दाराशी तुळस. मेथी निवडताना त्यांनी सगळं विचारलं. काय झालं होतं, स्वभाव कसा, भांडायचात का. मी सगळं सांगितलं, भांडणं जास्त. वर्षभर माझ्यासमोर सगळे सुधाकरचं नाव टाळत होते. माझं किती बोलायचं राहिलं होतं, ते तिथे कळलं.

मग त्यांनीच नदीवर नेलं. नदी सुंदर वगैरे म्हणणार नाही, काठाला जलपर्णी आणि थोडा वासही. पण बसायला दगड आहेत आणि वारा येतो. परतताना आंबिवलीहून गाडी पकडली. दुपारची, त्यामुळे बसायला मिळालं.

घरी आल्यावर खूप रडले. मग भूक लागली, पिठलं-भात केला. एकटीने जमतं का? जमतं. घर पूर्वीइतकंच रिकामं आहे, पण दार उघडून बाहेर पडायची भीती गेली.

एक गोष्ट मात्र शोभाताईंना सांगितली नाही. ती दुसरी रिक्षा आली ना, तेव्हा मीही वाकून आत बघितलं होतं.