आमचा आजा हुकुमदार

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा लोखंडाच्या आधी आजोबा तयार होत. कुणी भंडाऱ्याचा, कुणी आंध्रातला, कुणी पंजाबातला. कुणीच कुणाचं गाव पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ज्याच्या त्याच्या आजाला वाढायला मोकळं रान. कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर एकाचा आजा मालगुजार असे, दुसऱ्याच्या आजाने वाघ मारलेला असे, आणि आठवड्याभरात त्या वाघाचे दोन होत. मी पडलो हेल्पर. स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीही आजा पुढे केला. माझा आजा फौजेत हुकुमदार होता.

*

हे मी बनवलेलं नव्हतं हो, घरूनच ऐकून आलो होतो. आजा, म्हणजे आमचे आबाजी, तरुणपणी पहिल्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला गेले, जिवंत परत आले आणि गोंदियाजवळच्या आमच्या गावी धान पिकवू लागले. पण फौज काही त्यांच्या अंगातून गेली नाही. धानात रानडुकरं शिरली की ते मचाणावरून ओरडत, "हुकुमदाऽऽर!" डुकरं तर पळतच, शेजारचे दोन-चार कास्तकारही पळत. आम्हा घरच्यांना वाटायचं, बुढा डुकरांना आपला हुद्दा सांगतो आहे.

*

बैलही ते फौजेच्याच भाषेत हाकत. डावीकडे वळायला 'लेफ', थांबायला 'हाल्ट'. एकदा त्यांनी एक जोडी बाजारात विकली. काही दिवसांनी घेणारा माणूस बैलांसकट दारात हजर.

"आबाजी, हे बैल थांबूनच नाही राहिले. बांधी संपली, धुरा संपला, दुसऱ्याच्या वावरात घुसले, तरी चालूनच राहिले."

आबाजींनी त्याला अंगणातच 'हाल्ट' शिकवलं. बैलांना ते आधीच येत होतं, बिचारा माणूस मात्र रस्ताभर घोकत गेला. मी टपरीवर हा किस्सा सांगताना शेवटी एक वाक्य आपल्या पदरचं जोडायचो, "त्याच्या हुकमाशिवाय बैल थांबत नव्हते, मग फौजेची काय बिशाद!"

*

एकदा आमच्या साइटवरच्या रशियन इंजिनिअरला शंका आली, की हा पोरगा काम सोडून सगळ्यांना काय सांगत असतो. त्याच्या दुभाष्याने मला विचारलं, हुकुमदार म्हणजे केवढा?

"सुभेदार से ऊपर," मी म्हटलं. "जनरल से थोड़ा नीचे."

साहेबाने हातमोजा काढला आणि माझ्याशी हात मिळवला. तो ग्रीसने माखलेला हात धुवायला माझं मन होईना. तसाच जेवायला बसलो आणि ग्रीसने पोट असं बिघडलं, की दुसऱ्या दिवशी जनरलच्या थोड्या खालच्या माणसाचा नातू डबा घेऊन नाल्याकडे पळत होता.

*

मग गेटवर एक नवा पहारेकरी आला. फौजेतून रिटायर झालेला. मी त्यालाही सोडलं नाही. त्याने ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला.

"अरे भाई, हुकुमदार कोई रैंक नहीं है. अंग्रेज संतरी पूछता था, हू कम्स देअर? मतलब, कौन आ रहा है? अपने लोगों के मुँह में वही हुकुमदार हो गया. सामनेवाला बोलता था, दोस्त. तब संतरी बोलता, पास, दोस्त."

म्हणजे आबाजी इतकी वर्षं डुकरांना 'कोण आहे?' एवढंच विचारत होते. दुसऱ्या दिवसापासून मी गेटवर दिसलो की तो ओरडे, "हुकुमदार?" मी मान खाली घालून "दोस्त" म्हणायचो. "पास, दोस्त," म्हणत तो मला आत सोडायचा आणि मागची लाइन फिदीफिदी हसायची.

*

हे हसण्यावारी गेलं असतं, पण तोवर माझी सोयरीक त्या हुकुमदारावरच येऊन अडकली होती. दुर्गला रेल्वेत असलेल्या एका गृहस्थांची मुलगी, शांता, मी पाहून आलो होतो. चहा पांचट होता, तरी मी दुसरा कप मागून घेतला, इतकी ती मला आवडली होती. तिचे वडील माझ्या मामाला स्पष्ट म्हणाले होते, "हेल्परले पोरगी कोन देते जी? पन हुकुमदाराचा नातू आहे म्हनता, त मी पयले त्याहिलेच भेटतो. मंग सांगतो."

मी आबाजींना गावाहून भिलाईला, मामाच्या सेक्टरातल्या क्वार्टरवर आणलं आणि पाहुणे यायच्या आधी हळूच विषय काढला.

"आबाजी, पाव्हने इचारतीन. तुमी फक्त हो म्हना."

"कायले हो म्हनू?"

"फौजेत हुकुमदार होतो म्हनून."

"हुकुमदार का मानूस रायते का रे? मी बसऱ्यात खच्चरं हाकली. त्या खच्चरायवर पहारा देल्ला. खोटं कावून बोलू?"

"माह्या लग्नासाठी."

"मले जे इचारतीन ते खरंच सांगीन," ते म्हणाले आणि कोट चढवून दारापाशी खाटेवर जाऊन बसले.

झालं. मी स्वयंपाकघरात शांताला मनातल्या मनात निरोप देऊन टाकला. मामा म्हणाला, दुसरी पाहू. मला दुसरी नको होती.

दिवेलागणीला फाटक वाजलं. आबाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना फक्त पावलं ऐकू आली. ते खाटेवरून ताडकन उठले, ताठ उभे राहिले आणि सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल असे गरजले, "हुकुमदाऽऽर!"

पाहुण्यांनी फाटकातच चपला काढल्या आणि हात जोडले.

"जी, ठाऊक आहे मले. मामाजीनं सांगतलं."

हे काही आबाजींना हवं असलेलं उत्तर नव्हतं. त्यांनी काठी उचलली आणि दुप्पट आवाजात पुन्हा विचारलं, "हुकुमदाऽऽर!"

पाहुणे कमरेत वाकले.

"जी, जी. पोरगी तुमचीच समजा. आपन आजपासून दोस्त."

आबाजींनी काठी खाली घेतली.

"पास, दोस्त."