जुन्या पत्त्यावरही पोचवणारे अण्णा

श्री. अनंतराव देवकुळे, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांची माझी पहिली भेट वैशाली नगरच्या त्यांच्या घरी झाली. बँकेतल्या बदलीने मी जयपूरला नवाच आलो होतो. चहा येण्याआधीच त्यांनी वही पुढे केली. "पत्ता लिहा. घर बदललंत की नवा सांगा. जुना मात्र खोडू नका." अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मला ती नोकरीची सवय वाटली.

पुढे आपल्या मराठी मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली. मजकूर साध्या फायलींत लिहायचा, एक आज्ञा दिली की सगळी पाने तयार होतात. फाइल ज्या फोल्डरमध्ये, त्यावरून पानाचा पत्ता. दोन वर्षांपूर्वी मी विषयवार ठेवलेले लेख वर्षवार लावले. काम नेटके दिसले, पण पानांचे पत्ते बदलले. आठवड्याभरातच तिलक नगरच्या सुमनताईंचा अण्णांना फोन गेला. दर पुण्यतिथीला त्या यजमानांवरच्या लेखाची लिंक नातेवाइकांना पाठवीत. त्या वर्षी सगळ्यांना 'पान सापडत नाही' एवढेच दिसले.

अण्णा सिटी बसने माझ्याकडे आले. मी दमलो होतो. वेबसाइटचे काम सोडत असल्याची चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती.

"अण्णा, जुनं कोण बघतंय हो?"

"ते आपण कोण ठरवणार? पत्र आलंय, पोचवायचं."

प्रत्येक पानाच्या फायलीच्या माथ्यावर त्याचा कायमचा पत्ता लिहिता येतो. खाली जुने पत्तेही देता येतात, म्हणजे जुन्यावर आलेला माणूस आपोआप योग्य पानावर जातो. मला हे ठाऊक होते. मी कंटाळा केला होता.

अण्णांच्या वहीत पानांचे सगळे जुने पत्तेही हाताने उतरवलेले निघाले. पुढचे कित्येक रविवार त्यांच्या घरी ते वाचत गेले, मी भरत गेलो. सुमनताईंचे पान पहिले. मग अण्णा एकेका पत्त्याचे शेपूट, म्हणजे शेवटचा तुकडा, छाटून बघत आणि म्हणत, "दार उघडलं, पण आत कुणी नाही!" तिथे आतल्या लेखांची यादी देणारे पान मी करायचे. काकू चहा ठेवताना हसत. "पोस्टानं यांना सोडलं, मतलब तुमच्या गळ्यात टाकलं, भैया!"

एका रविवारी मला ताप होता. अण्णा मोती डुंगरीच्या देवळातला प्रसाद घेऊन आले, उशाशी तासभर बसले. कामाचे अवाक्षर काढले नाही. त्या दिवशी सुमनताईंचा फोन त्यांच्याच मोबाइलवर आला. त्यांनी तो माझ्या कानाला लावला. "उघडलं हो," एवढेच त्या म्हणाल्या. चिठ्ठी मी नंतर फाडली.

आज अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे आता लवकर थकतात, माझेही. हा लेख साइटवर कोणत्या पत्त्याने ठेवू, असे विचारले तर म्हणाले, "नुसतं नाव घाला. वर्ष नको."

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी एवढेच मागतो, की अण्णांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि या पानाच्या पत्त्याचेही शेपूट छाटून "इथं कोण राहतं?" असे दरडावून विचारायला ते पुष्कळ वर्षे येत राहोत.