आप्पांचा हिरवा बाण

आप्पा पेंटर कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की बसायच्या आधी विचारत, "दुसरं दार कुठे शे?" आमच्या डोकमर्डीच्या फ्लॅटमध्येही त्यांनी हेच विचारलं, तेव्हा पाणी घेऊन आलेली माझी बायको जागीच थबकली. दुसरं दार नाही म्हटल्यावर आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू ते आम्हीच कुठेतरी हरवून आलो आहोत.

आप्पा अमळनेरकडचे. आमच्या शहराबाहेरच्या मसाट आणि राखोलीच्या कारखान्यांत बाहेर जायची वाट दाखवणारे हिरवे बाण भिंतींवर काढणं, हा त्यांचा धंदा. मी मसाटच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर, म्हणून ओळख. हातात नकाशा दिला तरी त्यांचा विश्वास बसत नसे. स्वतः त्या वाटेने चालत जायचे, दार उघडून बाहेर पाय ठेवायचे, मगच ब्रश उचलायचे. "सायेब, नकाशात दार राहतं, दाराचं कुलूप राहत नाही," म्हणायचे. असंच चालताना एकदा त्यांनी आमच्या मॅनेजरसाहेबांची दुपारी झोपायची जागा शोधून काढली. ती अर्थातच नकाशात नव्हती.

दीव आता आमच्याच केंद्रशासित प्रदेशात, म्हणून सोसायटीने रस्त्याकडच्या भिंतीवर आप्पांकडून खुकरीचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं. एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीने दीवच्या समुद्रात बुडवलेली ही आपली युद्धनौका. तिच्याबरोबर कितीतरी नौसैनिक गेले. आमच्या तळमजल्यावरचे कदमकाका नौदलातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा एक दोस्त त्या बोटीवर होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते बोलत नसत, आम्ही विषय काढत नसू. याला आम्ही समजूतदारपणा म्हणायचो.

आप्पांकडे असला समजूतदारपणा नव्हता. सकाळी रंगाचे डबे ठेवले, की ते कदमकाकांच्या दारात. बोटीला जिने किती? दरवाजे आत उघडतात का बाहेर?

"चित्र काढतोयस की चौकशी समिती नेमलीय तुझी?" काका खेकसले.

"बोटीत चालून पाहता येत नाही ना काका, म्हणून इचारतो."

चौथ्या दिवशी काका खडू घेऊन बाहेर आले आणि पार्किंगच्या फरशीवर त्यांनी दोन उभ्या रेघा आणि मधे आडव्या रेघा काढल्या. "जिना नाही, शिडी. एका वेळी एकच माणूस," म्हणाले, आणि खडू तिथेच टाकून आत गेले.

आप्पांनी भिंतीवर बोट पपईसारखी चिरून दाखवली. आतले मजले, शिड्या, कामाला लागलेली माणसं. आणि सगळ्यात खाली, शिडीकडे तोंड केलेला एक हिरवा बाण, कारखान्यात असतो तसाच. उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. सोसायटीचे गुजराती चेअरमन संतापले.

"आप्पा, आ नेव्हीनी बोट छे, फॅक्टरी नथी. तो बाण काढून टाका."

"पुसायचा तर तुम्ही पुसा," आप्पा शांतपणे म्हणाले. "मले नाही जमणार."

खरं सांगतो, मलाही तो बाण शोभत नाही असंच वाटत होतं. शेवटी ठरलं, कदमकाका म्हणतील तसं करायचं.

काका आले. चष्मा काढून पुसला, परत लावला, भिंतीच्या अगदी जवळ गेले.

"लहान झालाय," ते म्हणाले. "पाणी आत शिरलं की दिवे जातात. दिसला पाहिजे."

आप्पांनी बाण दुप्पट मोठा केला.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांची नजर अधू झाली आणि मुलाने त्यांना गावी बोलावून घेतलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. कधी कोणाकडे न जाणारे कदमकाकाही आले. गाडी लागली, तरी आप्पांचा एक प्रश्न उरलेलाच होता.

"काका, इतकं इचारलं, पण तुमच्या दोस्ताचं नाव राहूनच गेलं."

"दत्ताराम," ते म्हणाले.

गाडी गेली. मला भरून आलं होतं, आणि लाजही वाटत होती. इतकी वर्षं एका जिन्यात राहून मी हे एवढंसंही विचारलं नव्हतं. परतताना रिक्षात काका दत्तारामबद्दलच बोलत राहिले. भज्यांवर जीव होता त्याचा. गाऊ नको म्हटलं तरी गायचा, तेही बेसूर.

"पण पोहायला," काका म्हणाले, "पट्टीचा होता."